कुंडीतली चिलटं आणि मातीतले बारीक किडे: ओळखायचे कसे, आवरायचे कसे

बेळगावात पावसाची झड लागली की खिडक्या बंद होतात, त्या गणपतीपर्यंत धड उघडत नाहीत. बाहेर संततधार, आत ओलसर भिंती, आणि टीव्हीशेजारच्या मनीप्लांटमधून उठून चहाच्या कपाभोवती घिरट्या घालणारी काळी चिलटं. खानापूर-जांबोटीकडे हा हंगाम आणखी लांबतो. गोकाक-अथणीकडे पाऊस कमी, पण घरातल्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घालायची सवय तिकडंही तीच, म्हणून किडेही तेच.

हे सगळे पाहुणे माझ्या घरी येऊन गेले आहेत. तेव्हा पहिलीच गोष्ट सांगतो: किडे दिसले म्हणून लगेच औषध आणायला धावू नका. मातीत दिसणारे बहुतेक जीव झाड खात नाहीत. ओलीवर आलेली बुरशी आणि कुजका पालापाचोळा खातात. खरा त्रास देणारे दोनच: चिलटांच्या अळ्या आणि मुळांवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखा पांढरा, रस शोषणारा किडा. या दोघांचा इलाज एकमेकांपासून अगदी वेगळा आहे, म्हणून आधी ओळख पटवा.

हाताशी काय ठेवायचं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालतो.
- पांढरा कागद, जुनी वर्तमानपत्रं
- एक कच्चा बटाटा
- उदबत्तीची जळून उरलेली काडी
- खुरपं, बादली, हातमोजे
- पिवळे चिकट सापळे. कृषी सेवा केंद्रात मिळतात. शेतासाठीचे मोठे असतात, कात्रीनं चार तुकडे करायचे.

१. उडणारं चिलट कुठलं, ते आधी ठरवा

घरात उडणारं प्रत्येक चिलट कुंडीतलंच असतं असं नाही. फळांच्या टोपलीभोवती फिरणारं, तपकिरी अंगाचं, लाल डोळ्यांचं ते फळमाशीचं चिलट. त्याला कुंडीशी देणंघेणं नाही, केळी झाकून ठेवा. मोरीच्या भिंतीवर बसणारं, पंखांवर लव असलेलं, छोट्या पतंगासारखं दिसतं ते मोरीतल्या गाळावर वाढतं. तिथं मोरी घासणं हाच इलाज.

कुंडीतलं चिलट काळपट, दोन ते चार मिलिमीटरचं, लांब पायांचं, डासाच्या अंगलटीचं असतं. उडणं अगदी लुळं. कुंडीला धक्का दिला की मातीवरून उठतं आणि लगेच पुन्हा मातीवर किंवा कडेवर बसतं. भिंगातून पंख पाहिला तर टोकाकडं वाय अक्षरासारखी दुभंगलेली शीर दिसते. ते चावत नाही, माणसांत रोगही पसरवत नाही. आठवडाभर जगतं, पण तेवढ्यात मादी ओल्या मातीत शंभरावर अंडी घालून मोकळी होते.

२. माती उकरून बघा

खुरप्यानं वरची दोन इंच माती पांढऱ्या कागदावर घ्या, उजेडात पसरा आणि दोन मिनिटं हात न लावता बघत राहा. जे हलेल ते खालीलपैकी एक असणार.

*काळ्या डोक्याची अळी.* पाच-सहा मिलिमीटर लांब, अंग काचेसारखं पांढरट, इतकं की आतली खाल्लेली काळी माती आरपार दिसते. डोकं मात्र काळं आणि चकचकीत. ही चिलटाची अळी. बुरशी खाते, पण संख्या वाढली की कोवळ्या मुळांना आणि रोपांच्या देठाला तोंड लावते. मोठ्या झाडाला सहसा काही होत नाही. नुकतीच रुजलेली कलमं आणि बियांची रोपं मात्र मान टाकतात.

*उड्या मारणारे पांढरे-करडे ठिपके.* पाणी घातलं की मातीवरून टणाटण उडतात, ताटलीतल्या पाण्यावर पिठासारखे तरंगतात. यांना स्प्रिंगटेल म्हणतात. पंख नसतात. शेपटीखाली दुमडलेला एक दांडा असतो, तो झटकून उडी घेतात. बुरशी आणि कुजकं खातात, झाडाला धक्का लावत नाहीत. सोडून द्या.

*सावकाश चालणारे तपकिरी, गोल, चकचकीत दाणे.* मोहरीपेक्षा कितीतरी लहान. हे मातीतले कोळी, तेही कुजकंच खातात. उन्हाळ्यात पानांच्या खाली जाळी करणारे लाल कोळी वेगळे. ते मातीत नाही, पानावर शोधायचे.

*दोऱ्यासारखे पांढरे किडे, डोकं काळं नाही.* गांडुळाच्याच नात्यातले. निरुपद्रवी, पण ते दिसले म्हणजे कुंडीत पाणी साचतंय हे नक्की.

*वाणी.* हात लावला की वेटोळं करते. उचलून बाहेर टाका, विषय संपला.

*कापसासारखे पांढरे पुंजके.* हे मुळांजवळ किंवा कुंडीच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात आणि फारसे हलत नाहीत. इथं मात्र थांबा आणि थेट सातवी पायरी वाचा.

३. बटाट्याची चकती

अळ्या आहेत की नाहीत, असल्या तर किती, याचा स्वस्तात स्वस्त तपास. बटाट्याची बोटभर जाड चकती कापून मातीत अर्धी दाबून ठेवा. तीन-चार दिवसांनी उचलून खालची बाजू बघा. अळ्या तिला चिकटून बसलेल्या दिसतात. दोन-चार असतील तर नुसतं पाणी आवरून भागेल. चकती वळवळत असेल तर सहावी पायरीही लागेल. पाहून झालं की चकती फेकून द्या. कुंडीत विसरलात तर तीच कुजून चिलटांची पंगत बसते.

४. पाणी थांबवा

यातली सगळ्यात महत्त्वाची आणि लोकांना सगळ्यात अवघड जाणारी पायरी हीच. झाडाला पाणी नाही घातलं तर पाप लागेल, अशी काहीशी आपली समजूत असते.

चिलटांची अंडी आणि अळ्या मुख्यतः वरच्या दोन-तीन इंचांत असतात आणि त्यांना ओल लागतेच. तो थर कोरडा पडला की अंडी सुकतात, अळ्या मरतात, नवी मादी तिथं अंडी घालायला बसत नाही. आपल्याकडं पावसाळ्यात हवा दमट, तापमान २२ ते २५ अंशांच्या आसपास, ऊन नाही. एप्रिलमध्ये दोन दिवसांत सुकणारी कुंडी जुलैत दहा-बारा दिवस ओली राहते. चिलटाला हे हवामान मानवतं: अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत तीन-चार आठवड्यांत एक पिढी तयार.

पाणी घालायचं की नाही हे वारावर ठरवू नका. उदबत्तीची काडी कुंडीच्या कडेनं चार इंच खाली खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटून आली, रंग गडद झाला, तर पाणी नको. कोरडी निघाली तरच घाला. स्नेक प्लांट, झेडझेड, जेड यांना पावसाळ्यात तीन आठवडे पाणी मिळालं नाही तरी काही बिघडत नाही. पीस लिली आणि नेच्यांना एवढं ताणवत नाही. त्यांना खालून पाणी द्या: ताटलीत पाणी भरायचं, अर्धा तास कुंडी त्यात ठेवायची, उरलेलं ओतून टाकायचं. वरचा थर कोरडा राहतो, मुळं पितात.

तीन गोष्टी तपासा. कुंडीच्या तळाला भोक आहे ना, आणि ते बुजलेलं नाही ना. ताटलीत पाणी साचून राहत नाही ना. आणि शोभेच्या बाहेरच्या कुंडीत, जिच्या आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवलेली असते, तळाला डबकं झालेलं नाही ना. या तिसऱ्या जागेकडं कुणी बघत नाही. कुंडी उचलली की खालून भपकारा येतो.

५. मातीवर खाऊ टाकणं बंद करा

शेजारच्या काकू सांगतात, "चहाचा चोथा टाका की, झाड लई जोर धरतंय." काकूंचं अंगणातल्या गुलाबाच्या बाबतीत खोटं नाही. तिथं ऊन आहे, वारा आहे, गांडुळं आहेत. घरातल्या कोपऱ्यात उन्हाविना ठेवलेल्या कुंडीवर ओला चोथा टाकला तर दोन दिवसांत पांढरी बुरशी येते आणि बुरशी म्हणजे चिलटांचं जेवण. तांदळाचं धुवण, पातळ ताक, केळ्याची सालं, अंड्याची न धुतलेली टरफलं यांचंही तेच. पावसाचे चार महिने घरातल्या कुंडीला यातलं काही देऊ नका. वर साठलेली बुरशी, पिवळी गळलेली पानं, जुना चोथा, सगळं वरच्या इंचभर मातीसकट काढून टाका.

निंबोळी पेंडेबद्दलही इथंच सांगतो, कारण ती औषध म्हणून टाकली जाते आणि उलटते. पेंड चांगलीच आहे, पण ओल्या मातीवर नुसती भुरभुरली तर तिलाच बुरशी धरते. टाकायचीच तर माती कोरडी असताना, आठ-दहा इंचांच्या कुंडीला दोन चमचे, आणि दोन इंच खाली मिसळून. आपल्याकडच्या दुकानात "बेविन हिंडी" म्हटलं तरी तीच मिळते.

६. चिलटं आणि अळ्या, दोन्हीवर एकदम

नुसते सापळे लावले तर उडणारी पकडली जातात, मातीतली पिढी तशीच वर येत राहते. नुसतं मातीत औषध घातलं तर उडणारी पुन्हा अंडी घालतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी.

*वर:* पिवळ्या सापळ्याचा तुकडा उदबत्तीच्या काडीला अडकवून मातीच्या लगत, शक्यतो आडवा लावा. चिलटं फार उंच उडत नाहीत, त्यामुळे छताला टांगलेल्या सापळ्याचा उपयोग थोडा. सापळ्यावर दर आठवड्याला किती नवी चिकटली हे बघा. आकडा उतरतोय का, तेवढंच कळायला हवं.

*खाली,* यांपैकी एक:

बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. हा जिवाणू डासांच्या आणि चिलटांच्या अळ्यांना मारतो. माणसांना, मांजरांना, गांडुळांना काही करत नाही. डासांच्या अळ्यांसाठी म्हणून विकला जातो, ऑनलाइन सहज सापडतो. इथं एक मोठी फसगत होते. कृषी दुकानात नुसतं "बीटी द्या" म्हटलं तर हातात येतं ते कुर्स्टाकी जातीचं, भाजीवरच्या आणि कपाशीवरच्या पतंगवर्गी अळ्यांसाठीचं. चिलटाच्या अळीला त्याचं काही वाटत नाही. लेबलवर इस्रायलेन्सिस हा शब्द बघूनच पैसे द्या. डब्यावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून, आठवड्यातून एकदा, नेहमीच्या पाण्याच्या जागी. तीन-चार वेळा.

हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळतं. ३ टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. पण आपल्याकडं बाटली बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते, मग पाणी दुप्पट घ्या. माती फसफसते, ज्यांच्या अंगाला ते लागतं त्या अळ्या मरतात. अंड्यांवर भरवसा ठेवू नका, आणि बुरशीबरोबर मातीतले चांगले जिवाणूही जातात, म्हणून सारखं सारखं नको.

निमतेल. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलि तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब. साबण घातला नाही तर तेल वर तरंगतं आणि पहिल्याच झाडावर सगळं पडतं. वास दोन दिवस राहतो, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी करू नका.

वरून जाडसर वाळूचा अर्धा-एक इंच थर देणारेही आहेत. माती आधी कोरडी झाली असेल तर उपयोग होतो. ओल्या मातीवर वाळू टाकली तर खाली ओल तशीच कोंडते आणि चिलटं तळाच्या भोकातून ये-जा करतात.

पहिल्या आठवड्यात चिलटं कमी झाली म्हणून सोडू नका. कोषात असलेली पिढी अजून यायची आहे. पाच-सहा आठवडे नेटानं करा, आणि घरातल्या सगळ्या कुंड्यांना एकदम.

७. मुळांवरचा पिठ्या ढेकूण

हा खरा घरभेदी. वर काही दिसत नाही. जेड, अडेनियम, निवडुंग, होया अशी झाडं वाढ थांबवतात, पानं मलूल होतात, आणि आपण पाणी कमी पडलं समजून आणखी घालतो. कुंडीच्या तळाच्या भोकाशी मुंग्यांची रांग दिसली तर शंका घ्या. ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळतात आणि इकडून तिकडं नेतातही.

झाड अलगद कुंडीबाहेर काढा. मुळांच्या गोळ्यावर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरट, भुकटी लागल्यासारखे डाग दिसतात. त्यात दोन-तीन मिलिमीटरचे लांबट पांढरे किडे. पण पांढरं दिसलं म्हणजे ढेकूणच असं नाही:

- पर्लाइटचा, म्हणजे कुंडीच्या मातीत मिसळतात त्या हलक्या पांढऱ्या खड्याचा, दाणा नखानं दाबला तर कचकचतो.
- बुरशीचे पांढरे तंतू पाणी मारलं की भिजून दिसेनासे होतात.
- बोअरच्या जड पाण्याचा क्षार मातीच्या कुंडीला बाहेरूनही पापुद्र्यासारखा धरतो.
- ढेकणाच्या मेणावरून पाणी घसरतं, आणि चिमटीत चोळलं तर बोटांना मेणचट लागतं.

ढेकूणच निघाला, तर क्रम असा:

झाड लगेच बाकीच्या झाडांपासून दूर न्या. या कुंडीतून निथळलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत जाता कामा नये, पिल्लं त्यातून पसरतात. एकाच लांब ट्रेमध्ये ओळीनं कुंड्या ठेवणाऱ्यांनी तर सगळीच तपासा.

वर्तमानपत्रावर सगळी माती झाडा. ही माती पिशवीत बांधून कचऱ्यात. परसात, कंपोस्टमध्ये किंवा दुसऱ्या कुंडीत नाही. मुळं नळाच्या धारेखाली धुवा, अगदी आतल्या बेचक्यांपर्यंत. फार भरलेली मुळं कापून टाका. उरलेली मुळं निमतेल-साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. जेड, अडेनियमसारख्या रसाळ झाडांना कापलेल्या जागा सुकायला सावलीत तीन-चार दिवस तसंच ठेवा, मग नव्या कोरड्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. कुंडी साबणानं घासून, कढत पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा.

महिन्यानं पुन्हा झाड उचलून बघा. अंडी कापसाच्या वेष्टनात असतात, एकदा धुतल्यानं सगळी जातीलच असं नाही.

झाड साधं जेड असेल तर माझं मत सांगतो: एवढा खटाटोप करू नका. मातीपासून वरची निरोगी फांदी तोडा, सुकवा, नव्या कुंडीत लावा, बाकी सगळं टाकून द्या. जुनं अडेनियम किंवा आजीच्या हातचं झाड असेल तर गोष्ट वेगळी.

८. दुकानात गेल्यावर

"टाकून सोडा, एकदम क्लिअर होतंय" असं म्हणत काउंटरवरून काहीही पुढं येतं. काही गोष्टी पक्क्या ठेवा.

दाणेदार थिमेट, म्हणजे फोरेट, आणि नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस: या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणाच्या घरी जुना साठा असेल आणि "चिमूटभर टाका" म्हणाले तरी घेऊ नका. बंद खोलीतल्या कुंडीत हे घालणं म्हणजे झाडापेक्षा माणसाला धोका.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. घरासाठी लाल-पिवळ्याकडं वळूच नका.

इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम हे कीटकनाशक मातीत ओतून पिठ्या ढेकणावर चालतं, कारण ते मुळांतून झाडाच्या रसात उतरतं. त्याच कारणानं तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना यांच्या कुंडीत ते कधीही घालायचं नाही. तुळशीचं पान तीर्थात पडतं, हे विसरू नका. फुलावर येणारी आणि बाहेर ठेवायची झाडंही वगळा, मधमाश्यांना ते घातक आहे. बाकी सगळं करून थकलात आणि झाड निव्वळ शोभेचं असेल, तरच लेबलवरच्या प्रमाणात, हातमोजे घालून, गच्चीवर नेऊन.

९. नवं झाड, नवी माती

बहुतेक किडे नर्सरीतूनच घरी येतात. नवं झाड आणलं की तीन-चार आठवडे वेगळं ठेवा, मातीवर सापळ्याचा तुकडा लावा, आणि एकदा तरी कुंडीबाहेर काढून मुळं बघा.

मातीत अर्धवट कुजलेलं शेणखत नको. हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल, गरम लागत असेल, तर ते अजून तयार नाही. आमच्या खानापूर भागातली तांबडी माती कुंडीत दाबून बसते, पूर्वेकडची काळी माती तर पाणी धरूनच ठेवते. दोन्हींत जाडसर वाळू किंवा पर्लाइट आणि थोडं कोकोपीट मिसळल्याशिवाय घरातल्या कुंडीत भरू नका.

एप्रिल-मे हे माती तयार करून ठेवायचे महिने. ओलसर मातीचा अर्धा फूट थर गच्चीवर पसरा, पारदर्शक प्लॅस्टिकनं घट्ट झाका, कडा दगडांनी दाबा, आणि चार ते सहा आठवडे ऊन खाऊ द्या. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. मग पोत्यात भरून तोंड बांधून ठेवा. पावसाळ्यात अचानक माती लागली तर कुंडीतल्या नव्या मातीवर उकळतं पाणी ओता, पूर्ण निथळू आणि गार होऊ द्या, वरचा थर सुकला की मगच रोप लावा.

१०. तरी ओळख पटत नसेल

बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोप्प इथलं कृषी विज्ञान केंद्र आणि अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत. जवळचं रैत संपर्क केंद्र, म्हणजे कृषी खात्याचं कार्यालय, तेही विचारायला बरं. जाताना नुसतं "बारीक पांढरं काहीतरी आहे" सांगून भागत नाही. किडे छोट्या बाटलीत हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये बुडवून न्या, मूळ आणि माती दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बांधून न्या, आणि मोबाइलमध्ये तीन फोटो ठेवा: पूर्ण झाड, मुळांचा गोळा, आणि किडा भिंगातून. कन्नड येत नसलं तरी फोटो दाखवून काम होतं. पिशवी तिथल्या टेबलावर उघडू नका, त्यांच्या रोपवाटिकेपासून लांब, बाहेर उघडून दाखवा.